बॅरोमीटरचा स्क्रू कोणी फिरवला

विमानाचं इंजिन माझ्यामुळे भाजलं, असं आमच्या बिल्डिंगमधले लोक बरीच वर्षं समजत होते. दोन-चार जण अजूनही समजत असतील. तोंडावर कोणी बोलत नाही. पण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांपाशी एखाद्या वहिनी भेटल्या की विचारतात, "आता काय करतेस गं? ते विमानाचं सोडलंस ना?" सोडलं नाही हो, सोडायला लावलं. एवढं साधं वाक्य मला इतक्या वर्षांत कोणाला धड ऐकवता आलं नाही, म्हणून आता लिहून टाकते. रागातच लिहिणार आहे. राग शांत झाल्यावर लिहू म्हटलं तर ते राहूनच जाईल.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत लागलेले. दाब मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात की नाही, ते आम्ही तपासून द्यायचो. जास्त करून बॉयलरची, डोंबिवलीच्या केमिकलवाल्यांची, आणि एका विमान कंपनीची. नोकरी लावून दिली ती आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांनी. ते पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. काका त्या कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनिअर. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आणि काका म्हणजे बाबांना देवमाणूस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका बोलले की विषय संपला. गणपतीत आरतीचं ताट पहिलं त्यांच्या हातात. मला नोकरी लागल्यावर तर बाबा त्यांच्यासमोर खुर्चीत टेकूनसुद्धा बसेनासे झाले.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जेट इंजिन तोंडाने हवा ओढतं, ती दाबतं, तिच्यात इंधन जाळतं आणि मागून फेकतं. आतमध्ये हवेचा दाब बाहेरच्या कितीतरी पट होतो. पण पट कशाची? बाहेरच्याच हवेची. विमान वर चढलं की बाहेरची हवा विरळ, मग आतला दाबही तेवढा उतरणार. वेग वाढला की समोरची हवा इंजिनाच्या तोंडात कोंबली जाते, थोडं परत मिळतं. मे महिन्यातली तापलेली हवा वेगळी, पहाटेची गार हवा वेगळी. म्हणजे इंजिन तेच, पण आतले आकडे रोजचे निराळे. म्हणून दुरुस्त केलेलं इंजिन विमानाला लावलं की ते जमिनीवर चालवून बघतात. मेकॅनिक आधी बॅरोमीटरवर हवेचा दाब बघतो, मग थर्मामीटर बघतो, आणि तक्त्यात बोट फिरवतो. तक्ता सांगतो की आजच्या हवेत या इंजिनाच्या मागच्या टोकाला इतका दाब यायला हवा. तेवढा येईपर्यंत इंधन वाढवत न्यायचं. आता बॅरोमीटरनेच हवा जास्त सांगितली, तर तक्ताही जास्तच मागणार, आणि मेकॅनिक बिचारा इंधन ओतत बसणार. इंजिन भाजतं ते असं.

इंजिन तपासायची ही मापकं आणि एक बॅरोमीटर अशी लाकडी पेटी आमच्याकडून विमान कंपनीला जायची. त्यातला बॅरोमीटर तपासायचं काम माझं. पाऱ्याच्या नळीशी ताडून बघायचा, मागचा छोटा स्क्रू फिरवून काटा बरोबर जागेवर आणायचा आणि स्क्रूवर लाल रंगाचा थेंब टाकायचा. नंतर कोणी स्क्रूला हात लावला तर रंग फुटतो, कळतं. दुकानात मिळणारा रंग नीट धरायचा नाही, म्हणून मी घरचं नेलपॉलिश वापरायला लागले. त्यावरून चिडवाचिडवी व्हायची. मॅडमचा बॅरोमीटर लग्नाला निघालाय म्हणे.

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आणखी एक बॅरोमीटर होता, त्याची मात्र रोज पूजा व्हायची. काका सकाळी आले की पिशवी खुंटीला लावायचे, विमानतळावरच्या हवामानवाल्यांना फोन करायचे, आजचा दाब विचारायचे, काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि छोट्या पेचकसाने काटा फोनवरच्या आकड्यावर आणून ठेवायचे. त्याशिवाय कोणी पहिलं माप घ्यायचं नाही. चेंदणी कोळीवाड्यातला आमचा एक फिटर होता. त्याचा भाऊ होडीवर जायचा, म्हणून हाही रोज काटा बघायला येऊन उभा राहायचा.

आता फोनवर सांगतात तो दाब समुद्रसपाटीचा असतो. म्हणजे विमानतळ डोंगरावर असलं तरी, ते समुद्रकाठी असतं तर दाब किती झाला असता, हे हिशेब करून सांगतात. विमानं चालवणाऱ्यांची ती सोय. ठाण्यात आम्ही खाडीच्या काठावर, त्यामुळे तोही आकडा तोच आणि आमच्या खिडकीबाहेरची हवाही तीच. काकांच्या त्या रोजच्या पूजेत चूक काहीच नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगते, नाहीतर म्हणतील बाई पहिल्यापासून आकस धरून होती.

मग ती पेटी एकदा बंगळूरला गेली. विमान कंपनीचं एक विमान तिथे अडकलेलं, इंजिन तिथेच बदलायचं होतं. मुंबईचे मेकॅनिक निघाले. पेटी पहिल्यांदाच घाट चढून चाललेली, म्हणून ती पोचवायला काका स्वतः विमानाने गेले आणि संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मजेत सांगत बसले. "तुझा बॅरोमीटर तिथे पार खाली गेलेला गं. प्रवासात हलला असणार. मी तिथल्या विमानतळाच्या टॉवरला फोन केला आणि लावून घेतला."

मी चहाचा कप तसाच ठेवला. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे. तिथे काटा खालीच जाणार, त्यासाठीच तर तो बनवलाय. तिथे हवाच इथल्यापेक्षा जवळजवळ दहावा हिस्सा कमी. मी म्हटलं, "काका, टॉवरने सांगितला तो समुद्रसपाटीचा. इंजिन तर तिथली हवा ओढणार."

त्यांना कळलं. त्या क्षणी कळलं, हे मी शपथेवर सांगते, कारण त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. शाळेतल्या मुलालाही फळ्यावर काढून समजावून देतील एवढं त्यांना येत होतं. पण उभा जन्म खाडीकाठी सकाळी टकटक करून स्क्रू फिरवण्यात गेलेला. हाताने ते काम केलं, डोक्याला विचारलंच नाही. आणि पेटी घेणारे मेकॅनिकही सगळे मुंबईचे. त्यांनीही कधी बघितलं नव्हतं की हे दोन आकडे वेगळे निघतात. पुण्याच्या, म्हणजे घाटावरच्या माणसाच्या हातून हे झालं नसतं, एवढंच मी म्हणते.

"फोन करा," मी म्हटलं. काका उठले, फोनपाशी गेले, आणि तेवढ्यात फोनच वाजला. सकाळी इंजिन चालवलेलं. तक्त्यातला दाब गाठायला इंधन वाढवत नेलं, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं. आतली पाती भाजली. विमान जमिनीवर होतं, कोणाला काही झालं नाही. एवढं बरं.

चूक झाली, मला तिचा राग नाही. माणूस आहे, होते. मला तिडीक आहे ती त्यानंतरच्या गोष्टीची.

पेटी परत आली. बॅरोमीटर वर्कशॉपमध्ये टेबलावर ठेवला तर तो इथल्यापेक्षा भलताच जास्त दाब दाखवत होता, या पृथ्वीवर कुठे नसेल एवढा. स्क्रूवरचं माझं लाल नेलपॉलिश फुटलेलं. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मालक स्वतः इंजिनिअर, बाहेर शिकून आलेले. त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही तिथे स्क्रूला हात लावला होता?"

काका म्हणाले, "नाही."

एवढंच. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी चहाला सांगितलंत." तर म्हणतात, "मी लावून घेतला म्हणजे पेटी लावून दिली म्हटलं. तुझा ऐकण्यात घोटाळा झाला असेल." आवाज एकदम प्रेमळ. गणपतीत प्रसाद देताना असतो तसा.

मला बाहेर पाठवलं, मग परत एकटीला बोलावलं. मालकांनी एक कागद पुढे केला. बॅरोमीटर तपासताना माझ्या हातून चूक झाली, असा मजकूर. मी उभ्या उभ्या सगळं समजावायला लागले, समुद्रसपाटी काय, बंगळूर काय, फुटलेला रंग काय. त्यांनी हाताने थांबवलं. "मला माहीत आहे. आकडा बघितला तेव्हाच कळलं. नेमका तीन हजार फुटांचा फरक आहे."

मला वाटत होतं त्यांना समजावायचंय. त्यांना समजलेलं होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "आमचा सगळ्यात सीनियर माणूस असं करतो म्हटलं तर विमान कंपनीवाले विचारतील, आजवर किती वेळा केलंत? नवी मुलगी आहे, चुकली म्हटलं तर विषय मिटतो. तुझं काय, तू तरुण आहेस. उद्या लग्न होईल, नोकरी काय सोडशीलच."

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. मग उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. बाहेर आले तर तो चेंदणीचा फिटर माझा डबा पिशवीत भरून उभा. म्हणाला, "बाय, सई नाय केली ना? बरा केला." मी म्हटलं, "तू ऐकलेलंस ना चहाला?" "आयकला. पन माजा कोन आयकतो?" त्याच्यावरही मी चिडले तेव्हा. आता नाही चिडत. त्याला तीन पोरं होती.

नोकरीचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर मला बाबांचं पडलेलं. बाबांनी माझ्या बाजूने उभं राहावं, बास, दुसरं काही नको होतं. आणि घरी पोचले तर काका आधीच येऊन गेलेले. बाबांना सांगून गेले की पोरीच्या हातून चूक झाली, मी खूप सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, पण ती मालकांशी उद्धट बोलली. सांभाळून घेतलं म्हणे. कोणी कोणाला?

मी जेवायच्या पाटावर बसून सगळं परत सांगितलं. बाबा खाली मान घालून जेवत होते. आई वाढत होती, तिने विचारलं, "पण मला सांग, आतला दाब कमी-जास्त होतो म्हणजे काय?" मी म्हटलं, "तांदूळ शिजून तिप्पट होतो ना? पण मुळात किती घातलास त्याच्या तिप्पट. इंजिनाचंही तसंच. बाहेर जेवढी हवा, त्याच्या पटीत आत."

आई म्हणाली, "म्हणजे यांनी वाटीभर तांदळाला सव्वा वाटी समजून पाणी ओतलं. गिचका झाला."

"गिचका नाही, करपलं."

"तेच ते," आई म्हणाली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी ताक मागितलं. आमच्या घरात आईला कळलं, तरी त्याला कोणी कळलं म्हणत नाही.

मी हट्टाला पेटले. माझ्याकडे चोरबाजारातून आणलेला एक जुना बॅरोमीटर होता, काचेला तडा गेलेला, पण चालायचा. रविवारी बाबांना म्हटलं, मुंब्रादेवीला जाऊ. बाबांना देवीला कधीही न्या, तयार. पिशवीत नारळ, ओटी आणि बॅरोमीटर. पायथ्याशी त्यांना काटा दाखवला. प्रत्येक वळणावर थांबवून दाखवला. बाबा घाम पुसत, चष्मा वर करून बघायचे. काटा उतरत चाललेला, डोळ्यांनी दिसेल असा. वर देवळाच्या कठड्याशी उभे राहिलो, खाली खाडी, रेतीच्या होड्या, पलीकडे डोंबिवलीवर केमिकलचा पिवळट धूर. मी म्हटलं, "बाबा, आता समजा खाली फोन करून विचारलं की तुमच्याकडे काटा कुठे आहे, आणि स्क्रू फिरवून हाही तिथेच आणून ठेवला. तर इथली हवा वाढेल का?"

"नाही वाढणार," बाबा म्हणाले.

"इंजिन इथे असतं तर कुठली हवा ओढलं असतं?"

"इथली."

"मग चूक कोणाची?"

बाबांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलेलं, मी सांगते ना. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं. पण त्यांच्यासारखा माणूस खोटं बोलेल का?"

मी तो बॅरोमीटर तिथेच दरीत फेकून देणार होते. फेकला नाही, कारण देवळातले लोक बघत होते. उतरताना मी पुढे, बाबा मागे. हवेचा दाब मला त्यांच्या डोळ्यांसमोर उतरवून दाखवता आला, पण त्या माणसाचा दाब त्यांच्या मनावरून तसूभर हलवता आला नाही.

पुढे मी भिवंडी रोडवरच्या एका कारखान्यात बॉयलरची मापकं बघायला लागले. विमानाचं काम परत मिळालं नाही, कारण जिथे जाईन तिथे आधीच्या कंपनीत विचारणा व्हायची आणि उत्तर काय जायचं ते उघड आहे. काका निवृत्त झाले. शाल-नारळ मिळाला. सोसायटीनेही सत्कार केला, बाबा दोन शब्द बोलले. मी दार लावून आत पडून राहिले तर आई मला म्हणते, "निदान पेढा तरी खा." नाही खाल्ला.

काही वर्षांनी, बाबांचं दुखणं सुरू झालेलं तेव्हा, मी औषधं घेऊन जिना चढत होते. काका त्यांच्या दारात उभे. काकू बाहेर गेलेल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तेव्हा तुझं बरोबर होतं. स्क्रू मीच फिरवलेला. माझी नोकरी शेवटाला आलेली गं, भीती वाटली."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं जिन्यात, चपला काढायच्या जागी ऐकायला मिळालं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी म्हटलं, "काका, हे वर येऊन बोला. बाबा जागे आहेत. एकदाच बोला, मी परत तोंडातून काढणार नाही."

त्यांनी जिन्याकडे बघितलं. "गुडघे फार धरतात गं हल्ली. दोन मजले चढवत नाहीत. बघू, बरं वाटलं की येतो."

"बाबांना खाली आणू का?"

"नको नको, आजारी माणसाला कशाला त्रास," असं म्हणत आत गेले आणि दार लावलं. मी वर जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "असं म्हणाले ते? मग ते मला का नाही बोलले?" त्यांच्या डोळ्यांत परत तोच संशय, आणि तो माझ्यावर. मी त्यांना गोळी दिली, पाणी दिलं. त्यानंतर रोज येता-जाता मी पहिल्या मजल्यावरची बेल वाजवायचे. काकू सांगायच्या, झोपलेत.

बाबा पावसाळ्यात गेले. घर माणसांनी भरलेलं. काका आले. तिसरा मजला चढून आले, मध्ये कुठे न थांबता, काकूंच्या पुढे. बाबांना नमस्कार केला, आईसमोर हात जोडले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून जमलेल्या लोकांना म्हणाले, "फार सरळ माणूस. आणि ही मुलगी माझ्याच हाताखाली तयार झाली."

मी त्यांचा हात डोक्यावरून खाली काढला. "काका, आता बोला," मी म्हटलं. "आता सगळे आहेत."

ते म्हणाले, "ही वेळ आहे का?" दोन-तीन बायकांनी मला धरलं, आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. लोकांना वाटलं, पोरीला दुःख सहन होत नाही. आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं ते माझ्या समोर पांढऱ्या चादरीखाली झोपलेले.